भट्टीशेजारची बेरोजगारी

सप्टेंबर 2022 मध्ये छत्तीसगडचा बेरोजगारीचा दर 0.1 टक्के असल्याची बातमी आली. देशातला तो सर्वांत कमी दर होता. आकडा मुंबईच्या ‘सीएमआयई’ या खासगी संस्थेच्या पाहणीतला होता आणि राज्य सरकारनं तो अभिमानानं सांगितला. काम हवं असणाऱ्या हजार माणसांत रिकामं माणूस एक, असा त्याचा अर्थ. त्यानंतर सहा महिने झाले आणि 1 एप्रिल 2023 पासून त्याच सरकारनं बेरोजगारी भत्ता सुरू केला. बारावी झालेल्या, 18 ते 35 वयाच्या, घरचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांच्या आत असलेल्या आणि रोजगार कार्यालयात किमान दोन वर्षांपासून नाव असलेल्या तरुणांना महिन्याला 2500 रुपये. अटी इतक्या असूनही लाभार्थ्यांची संख्या काही महिन्यांत लाखाच्या वर गेली.

हजारात एक बेरोजगार असलेल्या राज्यात भत्त्यासाठी इतकी मुलं कुठून आली? विरोधकांनी तेव्हा हा प्रश्न राजकारणासाठी विचारला. मला तो राजकारणाच्या पलीकडचा वाटतो. तो आकडा आणि भत्त्यासाठीची रांग या दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या असू शकतात. त्या कशा, हे समजून घ्यायला सिलतऱ्याइतकी चांगली जागा नाही.

रायपूरहून बिलासपूरच्या रस्त्याला लागलं की बिरगाव, उरला मागे पडतात आणि साधारण पंधरा किलोमीटरवर सिलतरा येतं. धरसींवा भागातलं हे मूळचं धानाचं गाव. आज ते छत्तीसगडच्या खासगी पोलाद उद्योगाचं एक मोठं केंद्र आहे. गोदावरी पॉवर अँड इस्पात आणि सारडा एनर्जी या शेअर बाजारातल्या कंपन्यांचे कारखाने इथलेच. नागपूरच्या जायस्वाल निकोचा पोलाद कारखानाही इथेच आहे. स्पंज आयर्नच्या किल्न, इंडक्शन भट्ट्या, रोलिंग मिल, पेलेट प्लांट, फेरोअलॉयचे कारखाने आणि या सगळ्यांना लागणारी वीज करणारे संच, असा हा पसारा. सांकरा, सोंडरा, मांढर या आसपासच्या गावांत गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांवर काळी भुकटी बसते. तळ्याच्या पाण्यावरही तिचा तवंग दिसतो.

इथलं काम कसं आहे हे आधी पाहू, कारण नोकरी कुणाला मिळते हे बरंचसं त्यावर ठरतं. स्पंज आयर्न करताना लोहखनिज आणि कोळसा एका लांबलचक, किंचित कललेल्या आणि सावकाश फिरणाऱ्या नळकांड्यात घालतात. आत साधारण हजार अंशांची धग असते. खनिजातला ऑक्सिजन निघून जातो आणि लोखंड न वितळता मोकळं होतं. ही किल्न रात्रंदिवस चालते. काही महिन्यांनी तिच्या आतल्या अंगाला जमलेला कठीण थर काढायचा असतो. तेव्हा ती थंड करतात आणि माणसं आत उतरून तो थर फोडतात. कंट्रोल रूम, प्रयोगशाळा आणि देखभाल इथे मोजके कायम कामगार असतात. किल्न साफ करणं, माल चढवणं-उतरवणं, भट्टीपुढची कामं, झाडलोट हे बहुतेक सगळं ठेकेदाराकडे. कोट्यवधींचं भांडवल घालून उभ्या राहिलेल्या कारखान्यात पगारपत्रकावरची माणसं त्या मानानं फार थोडी असतात. कामही जोखमीचं आहे. सप्टेंबर 2025 मध्ये इथल्या एका पोलाद कारखान्यात बांधकामाचा भाग कोसळून सहा जण दगावले.

या ठेक्याच्या कामावर बिहार, झारखंड, ओडिशा, उत्तर प्रदेशातून आलेले तरुण मोठ्या संख्येनं दिसतात. राज्याच्या 2019-24 च्या औद्योगिक धोरणात सवलती हव्या असलेल्या कारखान्यांना अट होती की अकुशल कामगार 100 टक्के, कुशल किमान 70 टक्के आणि व्यवस्थापनातले किमान 40 टक्के राज्यातले रहिवासी असावेत. तरीही गावातली मुलं म्हणतात, आमची जमीन गेली, धूळ आम्ही खातो आणि काम बाहेरच्यांना मिळतं. ठेकेदारांचं म्हणणं वेगळं. गावातला मुलगा रोवणीला आणि कापणीला हजेरी बुडवतो, बाहेरचा माणूस कारखान्याजवळच्या खोलीत राहतो आणि बारा तासांची पाळी करतो. दोन्ही बाजूंना थोडंफार तथ्य आहे. माझा कल मात्र गावाकडे आहे. घरापासून हजार किलोमीटर दूर आलेला माणूस सण, आजारपण किंवा अन्यायाचं कारण सांगून सहज घरी जाऊ शकत नाही. ठेकेदाराला तोच हवा असतो, आणि या सोयीला मेहनतीपणाचं नाव दिलं जातं. शिवाय 2023-24 पासून छत्तीसगडमध्ये धानाला क्विंटलमागे 3100 रुपये मिळतात, एकरी 21 क्विंटलपर्यंत खरेदी होते. ज्याच्या घरी दोन-तीन एकर आहेत, त्यानं जुलैत रोवणी सोडून भट्टीपुढे उभं राहावं, यात त्याचा हिशेब बसत नाही.

आता मोजणीकडे वळू. बेरोजगारीचा अधिकृत आकडा देशात 2017 पासून ‘नियतकालिक श्रमबल सर्वेक्षणा’तून येतो. वर्तमानपत्रात ‘पीएलएफएस’ म्हणून छापतात तेच हे. सिलतऱ्याजवळच्या एखाद्या गावात सर्वेक्षक एका घरी गेला आहे, अशी कल्पना करा. घरात चार तरुण माणसं आहेत. मोठा भाऊ 27 वर्षांचा, बी.ए. झालेला, राज्यातल्या भरती परीक्षा घेणाऱ्या व्यापम मंडळाच्या परीक्षांची तयारी करणारा. धाकटा 22 वर्षांचा, दहावीनंतर ठेकेदाराकडे कधी दहा दिवस, कधी पंधरा दिवस जाणारा. बहीण 24 वर्षांची, एम.ए. झालेली. चौथी मोठ्या भावाची बायको, 25 वर्षांची, बारावी झालेली.

सर्वेक्षक प्रत्येकाला दोन प्रकारे तपासतो. गेल्या वर्षभरात बहुतांश वेळ काय केलं, हा एक प्रकार. त्यात किमान 30 दिवस केलेलं दुय्यम कामही धरतात. गेल्या सात दिवसांत एक तास तरी काम केलं का, हा दुसरा. ज्याला काम नाही, पण जो काम शोधतो आहे किंवा मिळालं तर करायला तयार आहे, तोच बेरोजगार.

धाकट्याचं उत्तर सोपं आहे, तो कामावर आहे. महिन्यातले पंधरा दिवस तो पारावर बसलेला असतो, पण वर्षाच्या हिशेबात ते बुडून जातात. मोठा भाऊ पाच वर्षं परीक्षा देतो आहे. तो म्हणाला की मी अभ्यास करतो, तर विद्यार्थी म्हणून श्रमबळाच्या बाहेर गेला. म्हणाला की नोकरी शोधतोय, तर बेरोजगार झाला. रोवणी-कापणीला बापाबरोबर महिनाभर शेतात राबला असेल, तर दोन्ही सोडून तो ‘कामावर’. बहीणही तशीच. तिनं जुलैत चिखलात वाकून रोवणी केली, ऑगस्टात निंदण केलं, म्हणून ती घरच्या शेतीतली मदतनीस, म्हणजे कामावर, जरी तिच्या हातात एक रुपया पडला नाही. वहिनीला विचारलं की काम शोधता का, तर उत्तर बहुधा सासू देते, घरचं काम कोण करणार? ती श्रमबळाच्या बाहेर.

चार तरुण माणसं, त्यांतल्या एकाकडेही बारा महिन्यांचं काम नाही आणि घरातले बेरोजगार शून्य. सर्वेक्षकानं काहीही चुकीचं लिहिलेलं नाही. ही व्याख्या ढोबळमानानं आंतरराष्ट्रीय पद्धतीला धरून आहे आणि ज्या देशात मजुरीचा बाजार आणि घर यांच्यामध्ये स्पष्ट भिंत आहे तिथे ती ठीक चालते. जिथे धानाचं शेत प्रत्येकाला थोडंसं सामावून घेतं, तिथे दर खाली येतो. ‘सीएमआयई’ची पद्धत वेगळी आणि काम मोजण्यात अधिक कडक आहे, तरी काम शोधणं सोडून दिलेल्यांना तीही बेरोजगारांत धरत नाही.

दर कसा काढतात हेही लक्षात ठेवायला हवं. बेरोजगारांना भागायचं ते श्रमबळानं, लोकसंख्येनं नव्हे. गावात 100 मुली असतील, त्यांतल्या 30 कामात किंवा कामाच्या शोधात असतील आणि 3 जणींना काम नसेल, तर बेरोजगारी 10 टक्के. उरलेल्या 70 जणी भाजकातही नाहीत आणि भाज्यातही नाहीत. त्यांतल्या दहा जणींनी उद्या ठरवलं की आपणही नोकरी शोधायची आणि ती मिळाली नाही, तर दर एकदम साडेबत्तीस टक्क्यांवर जाईल. गावात काहीही बिघडलेलं नसेल, उलट दहा मुली घराबाहेर पडायला तयार झालेल्या असतील.

देशाच्या आकड्यांत हीच गोष्ट मोठ्या प्रमाणावर दिसते. 15 ते 29 वयोगटातला बेरोजगारीचा दर 2017-18 मध्ये 17.8 टक्के होता, 2023-24 मध्ये तो 10.2 टक्क्यांवर आला. त्यात तरुणांचा 9.8 आणि तरुणींचा 11.0. वरवर पाहता दोघांत फारसं अंतर नाही. पण आंतरराष्ट्रीय श्रम संघटना आणि दिल्लीची मानव विकास संस्था यांच्या 2024 च्या अहवालात दुसरा एक आकडा आहे, शिक्षणात नाही, नोकरीत नाही आणि प्रशिक्षणातही नाही अशा तरुणांचा. 2022 मध्ये हे प्रमाण मुलग्यांत 9.8 टक्के आणि मुलींत 48.4 टक्के होतं. बेरोजगारीच्या दरात जे अंतर सव्वा टक्काही नाही, ते इथे पाचपट होतं.

2017-18 ते 2023-24 या काळात कामावरच्या स्त्रियांचं प्रमाण वाढलं, हे खरं. 15 वर्षांवरील स्त्रियांचा श्रमबळातला सहभाग 23.3 टक्क्यांवरून 41.7 टक्क्यांवर गेला. ती आनंदाची बातमी म्हणून छापली गेली. वाढ मुख्यतः कुठे झाली, तर स्वयंरोजगारात. 2023-24 मध्ये काम करणाऱ्या दर तीन स्त्रियांत दोघी स्वयंरोजगारात होत्या आणि सगळ्या कामकरी स्त्रियांपैकी 36.7 टक्के घरच्या शेतात किंवा धंद्यात बिनपगारी मदतनीस होत्या. आपल्या कल्पनेतल्या घरातली ती एम.ए. झालेली बहीण त्यांतलीच.

शिकलेल्यांचं दुखणं आणखी वेगळं. वरच्या अहवालानुसार 2022 मध्ये पदवीधर तरुणांत बेरोजगारी 29.1 टक्के होती आणि लिहिता-वाचता न येणाऱ्यांत 3.4 टक्के. गरिबाला रिकामं बसणं परवडत नाही, तो मिळेल ते काम धरतो. पदवी घेतलेल्या मुलासाठी आईबापांनी काही पैसे लावलेले असतात आणि योग्य नोकरीची वाट पाहायला घर काही वर्षं साथ देतं. रायपुरात नालंदा परिसर नावाचं चोवीस तास उघडं वाचनालय 2018 मध्ये सुरू झालं. मध्यरात्रीही तिथे टेबलं भरलेली असतात, पटवारी, पोलीस, शिक्षक, राज्यसेवा अशा परीक्षांची पुस्तकं समोर ठेवून मुलं बसलेली असतात. ती आळशी आहेत, कारखान्यात जायला लाजतात, असं म्हणणारे पुष्कळ भेटतात. मला ते पटत नाही. एका बाजूला वेळेवर पगार, निवृत्तीची सोय, लग्नाच्या बाजारातली किंमत आणि दुसऱ्या बाजूला ठेकेदाराच्या मर्जीवरची पाळी असेल, तर पाच वर्षं अभ्यासात घालवणं हा विचार करून केलेला निर्णय आहे. या भागातल्या लोकांनी मांढरला केंद्र सरकारच्या सिमेंट कॉर्पोरेशनचा कारखाना पाहिलेला आहे. तो 1970 मध्ये सुरू झाला आणि नव्वदच्या दशकात बंद पडला. कायम नोकरी काय असते आणि ती गेली की काय होतं, हे इथल्या घरांना माहीत आहे.

मुलींच्या बाबतीत मात्र वाट पाहण्याची मुदत लग्नापर्यंतच असते. आणि कारखान्याचं फाटक त्यांच्यासाठी कायद्यानंच अर्धं मिटलेलं होतं. 1948 च्या कारखाने कायद्याच्या कलम 66 प्रमाणे स्त्रियांना सकाळी 6 ते संध्याकाळी 7 या वेळेतच कामावर ठेवता येत असे. राज्यांना त्यात सूट देण्याचा अधिकार होता, पण रात्री 10 ते पहाटे 5 नाहीच. कायद्याचा हेतू संरक्षणाचा होता. परिणाम असा झाला की चोवीस तास चालणाऱ्या किल्नवर तिन्ही पाळ्यांत फिरवता न येणारा माणूस मालकाला नको झाला. म्हणून सिलतऱ्यात बाई दिसते ती रेजा म्हणून, डोक्यावर घमेलं घेऊन, दिवसपाळीत, रोजीवर. कंट्रोल रूममध्ये ती क्वचितच असते. फिटर, इलेक्ट्रिशियन, वेल्डर या ज्या आयटीआय ट्रेडना इथे मागणी आहे, तिकडे मुली फारशा वळत नाहीत. त्या शिवणकाम किंवा कॉम्प्युटर ऑपरेटरच्या कोर्सला बसतात, आणि त्या कामाच्या जागा सिलतऱ्यात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या.

या भागातल्या बायका लोखंडाच्या कामाला कधीच नव्हत्या, असं मात्र कुणी समजू नये. इथून दक्षिणेला असलेल्या दल्ली-राजहराच्या लोहखाणींत हातानं खनिज काढण्याच्या काळात हजारो बायका पुरुषांच्या जोडीनं राबत. 1977 मध्ये शंकर गुहा नियोगींच्या नेतृत्वाखाली ठेका कामगारांची जी संघटना उभी राहिली, तिच्यात बायका पुढच्या फळीत होत्या. त्या वर्षीच्या जूनमधल्या पोलीस गोळीबारात मारल्या गेलेल्या अकरा जणांत कामगार अनुसुइयाबाई होत्या. खाणीत यंत्रं आणायची ठरली, तेव्हा नियोगींचा आग्रह होता की ती अशी आणि इतकीच आणावीत की माणसांचं काम जाणार नाही. त्यांना ठाऊक होतं की यंत्र आलं की आधी बाई घरी जाते, कारण यंत्र चालवायचं शिक्षण पुरुषाला दिलं जातं. नियोगींचा 1991 मध्ये भिलाईत खून झाला. यंत्रं आली आणि नंतर वाढलेल्या खासगी पोलाद कारखान्यांत बायकांना ती जागा परत मिळाली नाही.

इथून पाच हजार किलोमीटरवरचा मॉरिशस या संदर्भात पाहण्यासारखा आहे. 1834 पासून करारावर गेलेल्या मजुरांमध्ये कोकणातली माणसंही होती, त्यांचे वंशज आजही तिथे मराठी म्हणवतात आणि शाळेत मराठी शिकतात. 1961 मध्ये अर्थतज्ज्ञ जेम्स मीड यांच्या समितीनं या बेटाविषयी फार निराशाजनक अहवाल लिहिला होता. फक्त ऊस आणि भराभर वाढणारी लोकसंख्या, मुलांना काम कुठून देणार? मग 1970 मध्ये निर्यात क्षेत्राचा कायदा झाला, कपड्यांचे कारखाने आले आणि त्यांनी प्रामुख्यानं तरुण मुलींना घेतलं. त्यांचं किमान वेतन पुरुषांपेक्षा कमी ठेवलेलं होतं, हे त्यामागचं एक कारण. तरीही उसाच्या मळ्यातल्या घरांतून मुली पगार घेऊन परतू लागल्या आणि ऐंशीच्या दशकाच्या अखेरीला बेटावर बेरोजगारी जवळपास संपली.

1 जानेवारी 2005 रोजी कापडाच्या जागतिक कोट्याची व्यवस्था संपली, कारखाने बंद पडले किंवा मादागास्करला गेले, आणि काम आधी बायकांचं गेलं. जे कारखाने उरले, त्यांनी बांगलादेशातून कामगार आणले, जे वसतिगृहात राहतात आणि जास्तीचे तास भरतात. सिलतऱ्यातल्या ठेकेदाराचा हिशेब तिथेही चालला. गेल्या दशकात तिथे 16 ते 24 वयातल्या दर पाचांत एक किंवा त्याहून अधिक जण बेरोजगार होते आणि एकूण दर बायकांमध्ये पुरुषांच्या जवळपास दुप्पट होता. सरकारला 2013 मध्ये तरुणांच्या रोजगारासाठी वेगळा कार्यक्रम काढावा लागला.

वयोगट वेगळे असल्यानं आपले आणि त्यांचे आकडे थेट शेजारी मांडता येत नाहीत. पण एक फरक मला महत्त्वाचा वाटतो. मॉरिशसची मुलगी स्वतःला बेरोजगार म्हणवते. तिची आई किंवा आजी कारखान्यात पगारावर होती, पगाराचं काम हा तिला आपला हक्क वाटतो, म्हणून ते मिळालं नाही की ती मोजणीत दिसते. आपल्याकडची एम.ए. झालेली मुलगी तो शब्द स्वतःसाठी वापरतच नाही. म्हणून तिथला वर गेलेला दर आणि आपल्याकडचा खाली असलेला दर यांची तुलना करताना आपल्याकडे बरं चाललंय असं कुणी म्हणू नये.

छत्तीसगडमध्ये मार्च 2024 पासून महतारी वंदन योजनेत सुमारे 70 लाख बायकांना महिन्याला 1000 रुपये मिळतात. त्या पैशाची घरात किंमत आहे, मी ती कमी लेखत नाही. पण ही योजना विवाहित, विधवा, परित्यक्ता अशा स्त्रियांसाठी आहे. वहिनीला पैसे मिळतील, अविवाहित नणंदेला नाहीत. केंद्राच्या 2024 च्या वेळ-वापर पाहणीनुसार बिनपगारी घरकाम करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्याला दिवसाला 289 मिनिटं देतात, पुरुष 88. ही तफावत एका हजारानं मिटत नाही, पाळणाघरानं आणि नळाच्या पाण्यानं थोडी मिटते.

21 नोव्हेंबर 2025 पासून देशात नव्या श्रम संहिता लागू झाल्या. स्त्रीची संमती असेल आणि सुरक्षिततेची व्यवस्था असेल, तर आता तिला रात्रपाळीही देता येते. सिलतऱ्यासाठी हा मोठा बदल आहे, कारण ‘कायदा आड येतो’ हे कारण आता उरलं नाही. रात्री दहाच्या पाळीसाठी बस, स्वच्छतागृह, 50 किंवा त्याहून जास्त कामगार असतील तिथे 2017 पासून बंधनकारक असलेलं पाळणाघर, आणि आयटीआयच्या वेल्डर-इलेक्ट्रिशियन वर्गात मुलींसाठी जागा, हे सगळं करणं कारखान्यांच्या आणि सरकारच्या हातात आहे. छत्तीसगडनं 2013 मध्ये तरुणांना कौशल्य प्रशिक्षणाचा कायदेशीर हक्क दिला, तेव्हा देशात असं करणारं ते पहिलं राज्य होतं. त्या हक्काचा उपयोग सिलतऱ्याच्या भट्टीशेजारच्या मुलीला व्हायला हवा.

त्याआधी एक सोपी गोष्ट करता येईल. सवलती मागताना कारखान्यांना स्थानिक कामगारांचा हिशेब सरकारला द्यावाच लागतो. तोच हिशेब गावनिहाय, वयानुसार, स्त्री-पुरुष आणि कायम-ठेका असा वेगळा करून दर वर्षी सिलतरा, सांकरा, सोंडरा, मांढरच्या ग्रामसभांपुढे वाचून दाखवावा.